कलम आहे, वाट नाही

अमली पदार्थांविषयी राजधानीत जेव्हा जेव्हा चर्चा होते, तेव्हा ती जप्तीच्या आकड्यांनी सुरू होते आणि बहुधा जप्तीच्या आकड्यांवरच संपते. बंदरात पकडलेला कंटेनर, पंजाबच्या सीमेवर पाडलेले ड्रोन, भट्टीत जाळून नष्ट केलेला मुद्देमाल यांची छायाचित्रे प्रसिद्ध होतात, संबंधित मंत्री समाधान व्यक्त करतात आणि संसदेतील उत्तरांत त्यांचे तक्ते जोडले जातात. या आकड्यांना महत्त्व नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली या कायद्याखाली देशभरात एक लाख पंधरा हजारांच्या आसपास गुन्हे नोंदले गेले, आणि अलीकडच्या वर्षांत अशा गुन्ह्यांपैकी निम्म्याहून अधिक हे वैयक्तिक सेवनासाठी पदार्थ बाळगल्याचे असतात, ही वस्तुस्थिती त्या तक्त्यांत कोठे ठळकपणे दिसत नाही. या यादीत केरळ पहिला, महाराष्ट्र दुसरा आणि पंजाब तिसरा होता. म्हणजे राज्ययंत्रणेच्या जाळ्यात जे सापडतात, त्यांत व्यापाऱ्यांपेक्षा गिऱ्हाइकांचीच संख्या मोठी आहे. या गिऱ्हाइकांचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र जप्तीच्या समारंभात कोणी विचारीत नाही.

ज्या कायद्याने हे सारे चालते तो १९८५ सालचा. अंमली औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम असे त्याचे लांबलचक नाव. त्याचे विधेयक त्या वर्षीच्या ऑगस्टअखेरीस लोकसभेत मांडले गेले, सप्टेंबरच्या मध्यास त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली आणि १४ नोव्हेंबरपासून तो अमलात आला. अफूविषयीचे एकोणिसाव्या शतकातील कायदे आणि १९३०चा घातक औषधांचा कायदा यांची जागा त्याने घेतली. १९८९ साली त्याला आणखी कठोर करण्यात आले; जामिनावरील कडक निर्बंध ही त्या दुरुस्तीची देणगी. त्या कठोरपणाचा फटका किरकोळ आरोपींनाच अधिक बसतो हे लक्षात आल्यावर २००१ साली संसदेने 'अल्प मात्रा' आणि 'व्यापारी मात्रा' असा भेद केला आणि शिक्षेच्या पायऱ्या ठरविल्या. हेरॉइनसाठी पाच ग्रॅमपर्यंत अल्प व अडीचशे ग्रॅमपासून व्यापारी, गांजासाठी एक किलोपर्यंत अल्प व वीस किलोपासून व्यापारी, अशी ती विभागणी आहे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंह प्रकरणात असा निर्णय दिला की, मात्रा मोजताना भेसळीसकट संपूर्ण मिश्रणाचे वजन धरावे. या निर्णयामुळे कमी प्रतीची, भेसळयुक्त पूड विकत घेणारा गरीब व्यसनी शुद्ध माल घेणाऱ्या श्रीमंतापेक्षा अधिक लवकर 'अल्प' मर्यादेबाहेर जातो, हा त्यातील विरोधाभास नजरेआड करता येणार नाही.

असे असले तरी हा कायदा केवळ दंडुक्याचा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्या पोटातच उपचाराच्या दोन वाटा ठेवलेल्या आहेत. पहिली कलम ६४-अ ची. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त रुग्णालयात किंवा संस्थेत व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल, तर तिच्यावर त्या गुन्ह्यासाठी खटला चालविता येत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. दुसरी वाट कलम ३९ ची. दोष सिद्ध झाल्यानंतरही न्यायालय आरोपीचे वय, पूर्वचरित्र आणि प्रकृती पाहून, त्याच्या संमतीने, त्याला तुरुंगाऐवजी उपचारासाठी पाठवू शकते. त्याने एक वर्षाच्या आत उपचारांचा अहवाल घेऊन न्यायालयात हजर व्हायचे. अहवाल समाधानकारक असेल तर समज देऊन, तीन वर्षांपर्यंतच्या बंधपत्रावर त्याची सुटका होऊ शकते. कलम ७१ ने तर उपचार व पुनर्वसनाची केंद्रे स्थापण्याचा अधिकार सरकारला दिलेला आहे. ज्या आंतरराष्ट्रीय करारांचा दाखला देऊन कठोर शिक्षेचे समर्थन केले जाते, त्या १९६१ व १९८८च्या करारांतही शिक्षेऐवजी किंवा शिक्षेबरोबर उपचाराची मुभा आहे. तेव्हा कायद्यात तरतूदच नाही ही सबब टिकणारी नाही.

मग या वाटांनी किती जण गेले? पंजाबमधील विशेष न्यायालयांनी २०१३ ते २०१५ या काळात निकालात काढलेल्या तेरा हजारांहून अधिक प्रकरणांचा अभ्यास 'विधी' या दिल्लीस्थित संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केला. त्यातून निघालेला निष्कर्ष असा की, त्या तीन वर्षांत न्यायालयांमार्फत एकही व्यसनाधीन आरोपी उपचाराकडे वळविला गेला नाही. ज्या राज्यात २०१५ सालच्या पाहणीनुसार अफूजन्य पदार्थांवर अवलंबून असणाऱ्यांची संख्या दोन लाख तीस हजारांच्या घरात होती, त्या राज्यातील ही स्थिती. याच्या उलट मुंबईतील एका चित्रपट अभिनेत्याला २०१२ साली विशेष न्यायालयाने याच ६४-अ चा लाभ दिला, कारण त्याने महापालिकेच्या रुग्णालयात उपचार घेतले होते. त्याला हा लाभ मिळाला याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. कायद्याचा हेतूच तो आहे. परंतु हे कलम ज्याच्याजवळ चांगला वकील आहे आणि ज्याच्या घरापासून मान्यताप्राप्त रुग्णालय टॅक्सीच्या अंतरावर आहे त्याच्यासाठी जिवंत, आणि तरन तारनच्या शेतमजुरासाठी किंवा चुराचांदपूरच्या डोंगरातील तरुणासाठी मृत असेल, तर कायद्यापुढील समानतेचा अर्थ तरी काय उरतो?

हे कलम निष्प्राण राहण्याची पहिली कारणे पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात सापडतात. आरोपीला या तरतुदीची माहिती देण्याचे बंधन कायद्याने पोलिसांवर घातलेले नाही, दंडाधिकाऱ्यावरही नाही. स्वेच्छेने उपचार मागणाऱ्यालाच संरक्षण आहे; पण जे अस्तित्वात आहे हेच ठाऊक नाही ते कोणी स्वेच्छेने कसे मागावे? शिवाय कायद्याच्या व्याख्येप्रमाणे 'व्यसनाधीन' म्हणजे ज्याला अमली पदार्थाचे अवलंबित्व जडले आहे अशी व्यक्ती. हे अवलंबित्व प्रमाणित कोणी करायचे? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात सुरू असला, तरी अनेक दुर्गम जिल्ह्यांत मनोविकारतज्ज्ञाचे पद हे भरतीच्या जाहिरातीतच दिसते. अटकेनंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत, शरीराला पदार्थ न मिळाल्याने आरोपी कोठडीत तळमळत असतो. त्या अवस्थेची साधी वैद्यकीय नोंद झाली तरी पुढे न्यायालयात मोठा पुरावा ठरेल. प्रत्यक्षात वैद्यकीय तपासणी म्हणजे अंगावर जखमा नाहीत एवढ्या मजकुराचा कागद.

त्यात भर पडते ती गुन्हा कबूल करून मोकळे होण्याच्या प्रवृत्तीची. मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयांतील २०१७ व २०१८ या दोन वर्षांतील दहा हजारांहून अधिक प्रकरणांची पाहणी 'विधी'नेच केली होती. त्यांतील जवळजवळ सर्व प्रकरणे वैयक्तिक सेवनाची होती, आरोपी मुख्यतः हातावर पोट असणारे होते आणि गुन्हा कबूल करून, दंड भरून सुटका करून घेणे हाच त्यांनी पत्करलेला मार्ग होता. खटला लढविण्यात जाणारे दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. न्यायालयाच्या दृष्टीने प्रकरण निकाली निघाले, पोलिसांच्या दृष्टीने गुन्हा सिद्ध झाला, आणि आरोपीच्या दृष्टीने काहीच बदलले नाही. फक्त त्याच्या नावापुढे दोषसिद्धीची नोंद लागली. जामिनाबाबतही संदिग्धता आहेच. अल्प मात्रेचे गुन्हे जामीनपात्र आहेत असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली म्हटले होते; त्याच न्यायालयाने २०२० साली या कायद्याखालील सर्वच गुन्हे अजामीनपात्र असल्याचे मत दिले. कायद्याचे पंडित जेथे एकमताने बोलत नाहीत, तेथे तालुक्याच्या ठाण्यातील फौजदाराने कोणता अर्थ लावावा?

परंतु सर्वांत मोठा अडथळा आहे तो अंतराचा, आणि राजधानीतील चर्चेत नेमका तोच दुर्लक्षित राहतो. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली राष्ट्रीय पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली आदेश दिला होता म्हणून या कामाला गती आली, हेही नमूद केले पाहिजे. या पाहणीनुसार अफूजन्य पदार्थांच्या सेवनामुळे मदतीची गरज असलेल्यांची संख्या देशात सुमारे सत्याहत्तर लाख आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात हे सेवन सर्वाधिक आहे ते सिक्कीम, अरुणाचल, नागालँड, मणिपूर आणि मिझोराम या राज्यांत, म्हणजे देशातील सर्वांत दुर्गम भूभागात. एकूण संख्येचा मोठा वाटा उचलणाऱ्या राज्यांत उत्तर प्रदेश, पंजाब, हरियाणा, दिल्ली यांच्याबरोबर महाराष्ट्राचेही नाव आहे. आणि बेकायदा अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या दर वीस जणांपैकी केवळ एकालाच कधी काळी रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाले आहेत. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी पुनर्वसन केंद्रे देशात साडेतीनशेच्या आसपास. जिल्हे साडेसातशेहून अधिक. त्यातही केंद्रे शहरांकडे झुकलेली आणि बहुतांशी पुरुषांसाठीच. व्यसनाधीन स्त्रीला गावात तोंड दाखविण्याची सोय नाही आणि केंद्रात पाऊल ठेवण्याचीही नाही.

अंतर याचा अर्थ केवळ किलोमीटर असा नाही. हेरॉइनच्या व्यसनावर आज जो उपचार परिणामकारक मानला जातो, त्यात ब्युप्रेनॉर्फिन हे औषध दीर्घकाळ, नियमितपणे द्यावे लागते. पंजाबने २०१७च्या ऑक्टोबरमध्ये मोगा, तरन तारन आणि अमृतसर या तीन जिल्ह्यांत बाह्यरुग्ण विभागातून हे औषध देण्यास सुरुवात केली आणि पुढे ते राज्यभर नेले. आज अशी पाचशेहून अधिक केंद्रे तेथे आहेत. हे पाऊल धाडसाचे होते. पण सुरुवातीला रुग्णाने रोज केंद्रावर येऊन परिचारिकेसमोरच गोळी घ्यावी असा नियम होता. शहरातील दुकानदाराला ते जमेल. कापणीच्या दिवसांत शेतावर राबणाऱ्या मजुराला, किंवा रोज दुसऱ्या जिल्ह्यात गाडी नेणाऱ्या चालकाला ते कसे जमावे? २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत नाइलाजाने दोन-तीन आठवड्यांचे औषध घरी देण्यात आले, तेव्हा हे शक्य आहे हे सर्वांच्या लक्षात आले. जे महामारीने करवून घेतले ते नियोजनाने का होऊ नये? दूरवैद्यकाचा मार्ग त्यावर सुचविला जातो. परंतु २०२०च्या टेलिमेडिसिनविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी या कायद्याच्या परिशिष्टातील औषधे दूरध्वनीवरून लिहून देण्यास सर्वसाधारणपणे मज्जाव केला, आणि ब्युप्रेनॉर्फिन हे त्याच परिशिष्टातले. ज्याला तज्ज्ञापर्यंत पोहोचता येत नाही त्याच्यापर्यंत तज्ज्ञाला पोहोचविण्याची सोयही अशी बंद होते.

कायद्याची भाषा आणि वैद्यकाची भाषा यांतील विसंगती हा तिसरा अडथळा. ६४-अ म्हणते, 'संपूर्ण' उपचार घेतले नाहीत तर संरक्षण काढून घेता येईल. वैद्यकशास्त्र म्हणते, व्यसनाधीनता हा पुनःपुन्हा उलटणारा आजार आहे. मधुमेहाप्रमाणे त्याची देखभाल करावी लागते. दोन-तीन आठवडे रुग्णालयात ठेवून शरीर स्वच्छ केले म्हणजे उपचार संपूर्ण झाले असे मानले, तर तो रुग्णाच्या जिवाशी खेळ ठरतो. कारण काही काळ पदार्थ बंद राहिला की शरीराची सहनशक्ती कमी होते, आणि घरी परतून पूर्वीइतकीच मात्रा घेतलेला तरुण त्या एका मात्रेने दगावू शकतो. तुरुंगातून सुटणाऱ्याला हाच धोका आहे. तेव्हा घसरण झाली की करार मोडला, असा अर्थ लावणारी न्यायव्यवस्था आजारी माणसाला आजाराचीच शिक्षा देते. तिहार तुरुंगात २००८ पासून ब्युप्रेनॉर्फिनचा उपचार सुरू झाला; याचा अर्थ गजाआड जे औषध म्हणून मान्य आहे त्याला बाहेर, न्यायालयाच्या नोंदीत, 'उपचार' म्हणून मान्यता देण्यास तात्त्विक अडचण नाही.

राजधानीच्या दृष्टीने पाहिले तर या साऱ्याच्या मुळाशी खात्यांची वाटणी आहे. कायदा अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाचा. अंमलबजावणीचे अमली पदार्थ नियंत्रण पथक २००३ पासून गृह मंत्रालयाकडे. पुनर्वसन केंद्रांचे अनुदान सामाजिक न्याय मंत्रालयाचे. रुग्णालये, तज्ज्ञ आणि एड्स नियंत्रण संघटनेमार्फत चालणारा ब्युप्रेनॉर्फिनचा कार्यक्रम आरोग्य मंत्रालयाचा. तुरुंग, पोलीस आणि रुग्णालये पुन्हा राज्यांची. प्रत्येक खाते आपापला आकडा दाखविते: एक जप्तीचा, दुसरे शिबिरांचा, तिसरे शपथ घेतलेल्या विद्यार्थ्यांचा. आरोपींपैकी किती जण उपचाराकडे वळविले गेले, हा आकडा कोणत्याच खात्याचा नाही, म्हणून तो कोणी मोजीत नाही. अल्प मात्रा बाळगणाऱ्या व्यसनाधीनांना तुरुंगाऐवजी उपचाराकडे पाठवावे अशी शिफारस सामाजिक न्याय मंत्रालयाने २०२१ साली महसूल विभागाला केल्याचे प्रसिद्ध झाले होते. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये संसदेने या कायद्यात दुरुस्ती केलीही. परंतु ती होती २०१४च्या दुरुस्तीत राहून गेलेल्या एका कलमक्रमांकाच्या चुकीची. कायद्यातील अक्षराची चूक सुधारली गेली; त्याच्या व्यवहारातील चूक तशीच राहिली.

दुर्गम भागात उपचार नेता येत नाहीत असे म्हणणाऱ्यांनी या देशाचाच अनुभव तपासावा. जोधपूरजवळच्या माणकलाव येथून नारायण सिंह माणकलाव यांनी एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून अफूमुक्तीची शिबिरे मारवाडच्या गावागावांत नेली. दहा दिवसांचे शिबिर, गावातलीच जागा, गावकऱ्यांचाच शिधा आणि एकाच गावातील अनेकांनी एकत्र येऊन सोडलेली अफू, असे त्याचे स्वरूप होते. पुढे ते राज्यसभेचे नामनियुक्त सदस्यही झाले. तमिळनाडूच्या तिरुवारूर जिल्ह्यातील मंजक्कुडी येथे चेन्नईच्या टी. टी. रंगनाथन प्रतिष्ठानने दारूच्या व्यसनासाठी हाच प्रयोग केला. महाराष्ट्रात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणाची ओळख करून देण्याचे कारण नाही. आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात २०१६ पासून 'मुक्तिपथ'ने दारू व तंबाखूविरुद्धचे काम तालुक्यांपर्यंत आणि गावांपर्यंत नेले आहे. पदार्थ वेगळे असले तरी धडा एकच: उपचार गावापर्यंत गेले तर गाव येते.

अर्थात केवळ शिबिरांनी भागत नाही, हेही राजस्थानच्याच अनुभवातून शिकले पाहिजे. तेथील सरकारने २०१६च्या एप्रिलपासून डोडा पोस्ताची परवानाधारक विक्री बंद केली आणि त्या आधी व्यसनींसाठी 'नया सवेरा' या नावाने शिबिरे घेतली. हेतू चांगला होता. पण वर्षानुवर्षांची सवय शिबिराच्या मुदतीत सुटत नाही आणि शिबिर उठल्यावर मागे राहणारा आरोग्यसेवक नसेल, तर चोरटा बाजार मोकळाच असतो; डोडा पोस्ताच्या चोरट्या वाहतुकीचे गुन्हे त्यानंतरही थांबले नाहीत. ईशान्येत दुसराच धडा मिळतो. मणिपूरमध्ये सुईने पदार्थ घेणाऱ्यांत एचआयव्हीचा फैलाव १९९०च्या सुमारास उघड झाला, तेव्हा भीतीपोटी व्यसनींना साखळदंडांनी बांधण्यापर्यंत आणि सशस्त्र गटांनी त्यांना 'शिक्षा' देण्यापर्यंत मजल गेली होती. तेथील परिस्थिती सावरण्यात ज्यांचा वाटा मोठा होता ते होते स्वतः व्यसनातून गेलेले स्थानिक तरुण. डोंगराळ भागात डॉक्टर मिळत नसेल, पण असा प्रशिक्षित सोबती मिळतो, आणि तो घरचा दरवाजा ठोठावू शकतो.

या विचाराला घेतले जाणारे आक्षेप गंभीरपणे ऐकले पाहिजेत. पहिला आक्षेप पोलीस अधिकाऱ्यांचा: छोटे विक्रेते पाच ग्रॅमच्या आत माल ठेवतील आणि व्यसनी असल्याचे सोंग करून सुटतील. हा धोका खरा आहे. अनेक व्यसनी स्वतःच्या मात्रेपुरती विक्रीही करतात, हेही खरे. परंतु उपचाराकडे वळविणे म्हणजे विनाशर्त सोडणे नव्हे. वैद्यकीय तपासणी, नियमित हजेरी आणि न्यायालयात द्यावयाचा अहवाल या अटी कायद्यातच आहेत. सोंग करणारा महिनोन्महिने त्या पाळील हे संभवत नाही. आजची व्यवस्था तरी त्या विक्रेत्याचे काय करते? देशातील कैद्यांपैकी पंचाहत्तर टक्क्यांहून अधिक हे कच्चे कैदी आहेत, असे २०२२ची तुरुंग आकडेवारी सांगते. त्या गर्दीत लोटलेला व्यसनी तरुण बाहेर येतो तो मोठ्या व्यापाऱ्यांच्या ओळखी घेऊनच.

दुसरा आक्षेप विरुद्ध बाजूचा आहे. तुरुंगाची भीती दाखवून घेतलेली संमती ही संमती कशी, असा प्रश्न मानवी हक्कांचे कार्यकर्ते विचारतात. तोही रास्त आहे, विशेषतः जेथे 'व्यसनमुक्ती केंद्र' या पाटीआड कोंडून ठेवणे आणि मारहाण चालते तेथे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने व्यसनजन्य विकारांना मनोविकारांच्या व्याख्येत घेतले आहे. म्हणजे नोंदणी, तपासणी आणि रुग्णाचे हक्क यांचे संरक्षण या केंद्रांतील रुग्णालाही लागू आहे. जेथे ते पाळले जात नाही अशा केंद्राकडे न्यायालयाने कोणालाही पाठवू नये. तुरुंगाच्या जागी दुसरी कोठडी हा पर्याय होऊ शकत नाही.

मग करावे काय? सुदैवाने सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीसाठी संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. ६४-अ मध्ये उपचाराचे ठिकाण सांगताना शासनाने 'किंवा स्थानिक प्राधिकरणाने' चालविलेली अथवा मान्यता दिलेली रुग्णालये व संस्था असे शब्द आहेत. या शब्दांकडे आजवर पुरेसे लक्ष गेलेले नाही. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दिलेला उपचार हा या कलमाखालील उपचार ठरू शकतो. नगरपालिकेचा दवाखाना ठरू शकतो. मान्यता दिलेले गावचे शिबिर आणि त्यानंतरची देखरेख हीही ठरू शकते. म्हणजे उपचारासाठी शंभर किलोमीटर जावे लागणे ही कायद्याची अट नाही, ती प्रशासनाची सवय आहे. राज्य सरकारांनी अशा ठिकाणांची जिल्हावार यादी अधिसूचित करून प्रत्येक ठाण्यात व न्यायालयात लावावी, एवढ्यानेही मोठा फरक पडेल. सामुदायिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरला ब्युप्रेनॉर्फिन देण्याचे प्रशिक्षण आणि स्थिर झालेल्या रुग्णाला काही आठवड्यांचे औषध घरी नेण्याची मुभा ही पुढची पायरी.

दुसरी गोष्ट माहिती देण्याच्या बंधनाची. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१५ साली अमली पदार्थांच्या बळींसाठी स्वतंत्र योजना केलेली आहे. त्या योजनेखाली, अल्प मात्रेच्या प्रत्येक आरोपीला पहिल्या हजेरीतच ६४-अ ची माहिती त्याच्या भाषेत दिली गेली आणि तशी नोंद दंडाधिकाऱ्याने केली, तर 'स्वेच्छा' या शब्दाला अर्थ येईल. पोर्तुगालने २००१ साली सेवनाला फौजदारी गुन्ह्यांतून वगळले तेव्हा प्रत्येक जिल्ह्यात कायदा, आरोग्य आणि समाजकार्य यांची जाण असलेल्या तिघांचे मंडळ नेमले. आपण तेवढे पुढे जावे की नाही हा वादाचा विषय होईल. परंतु जिल्ह्यात अशी तीन माणसे एकत्र बसविण्यास आपला कायदाही आड येत नाही. अमली पदार्थ समन्वयासाठी २०१९ पासून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समित्या आहेतच. त्यांच्या मासिक बैठकीच्या विषयपत्रिकेवर जप्तीच्या आकड्याखाली एक ओळ वाढवावी: या महिन्यात अल्प मात्रेचे आरोपी किती, त्यांपैकी उपचाराकडे किती गेले आणि सहा महिन्यांनंतर त्यांतील किती जण उपचारात टिकले. प्रशासनात जे मोजले जाते तेच घडते, हे या पानाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट परगावी राहणाऱ्यांची. पंजाबच्या शेतावरील बिहारी मजूर, मुंबईच्या बांधकामावरील झारखंडी तरुण किंवा दूरच्या बाजारपेठेत गलाईच्या व्यवसायानिमित्त स्थायिक झालेल्या सांगलीकडच्या कुटुंबातील मुलगा यांपैकी कोणालाही अटक झाली की पहिला प्रश्न येतो तो स्थानिक जामीनदाराचा. कलम ३९ मध्ये बंधपत्र जामीनदारासह किंवा त्याशिवाय घेण्याची मुभा न्यायालयाला आहे. तिचा वापर व्हावा, आणि आरोपी आपल्या मूळ जिल्ह्यात उपचार घेऊ इच्छीत असेल तर तेथील केंद्राचा अहवाल येथील न्यायालयाने स्वीकारावा. कुटुंबाच्या आधाराविना व्यसन सुटत नाही, आणि स्थलांतरिताचे कुटुंब बहुधा हजार किलोमीटरवर असते.

अंमलबजावणीच्या या साखळीत मराठी अधिकाऱ्यांची संख्या लहान नाही. ईशान्येतील जिल्ह्यांत, पंजाबच्या पोलीस दलात, राजधानीतील मंत्रालयांत ते महत्त्वाच्या जागी आहेत आणि येथे सुचविलेल्यांपैकी बरेचसे त्यांच्या सहीच्या कक्षेत आहे. तेही पुरेसे होईल असे नाही. संसदेला कधीतरी 'संपूर्ण उपचार' या शब्दांचा वैद्यकाशी सुसंगत अर्थ लावावा लागेल आणि सेवनाला गुन्हा मानायचे की आजार, याचा सरळ निर्णय घ्यावा लागेल. सर्वोच्च न्यायालयाने २०२४च्या डिसेंबरमध्ये, व्यसनाच्या बळींना राक्षस न ठरविता त्यांच्या पुनर्वसनाचा मार्ग धरावा असे सांगितलेच आहे. राज्यघटनेच्या ज्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदाचा आधार नशाबंदीसाठी नेहमी घेतला जातो, त्याची सुरुवातही सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे आद्य कर्तव्य आहे या विधानाने होते. अमली पदार्थांच्या बाबतीत आपण त्या अनुच्छेदाचा उत्तरार्ध पोलिसांकडे सोपविला आणि पूर्वार्ध कोणाकडेच सोपविला नाही. सीमेवरच्या गावात आज रात्री पकडला जाणारा तरुण उद्या सकाळी दंडाधिकाऱ्यासमोर उभा राहील. त्याच्यासाठी संसदेने उपचाराचे कलम कधीच करून ठेवले आहे. त्या कलमापासून तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतची वाट बांधणे एवढेच काम शिल्लक आहे, आणि ते सर्वस्वी सरकारचे आहे.